शब्दचर्चा : सॅक्सोफोन वाजवायचा की फुंकायचा?

सीमेवरचा (टिळकवाडी, बेळगाव)
आमच्या अंकासाठी चार्ली मारियानो यांच्यावर छोटा लेख लिहितोय. बोस्टनला १९२३ साली जन्म, अल्टो सॅक्सोफोन हे मुख्य वाद्य. आधी स्टॅन केंटनच्या ऑर्केस्ट्रात, मग चार्ल्स मिंगसबरोबर. अमेरिकन जॅझमध्ये नाव झाल्यावर हा गृहस्थ चक्क नादस्वरम, म्हणजे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, शिकला. बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या मंडळींबरोबर ‘ज्योती’ ही रेकॉर्ड केली, ती १९८३ साली आली. आर. ए. रमामणींचं गाणं, टी. ए. एस. मणींचा मृदंग आणि यांचा सॅक्सोफोन.
मी ‘नादस्वरम फुंकायला शिकले’ असं लिहिलंय. संपादक म्हणतात, ‘वाजवायला’ करा. वाद्य तोंडानंच वाजतं की, मग ‘फुंकणे’ला हरकत काय?

निपाणकर
संपादकांचं बरोबर आहे. मराठीत फुंकतात शंख, तुतारी, रणशिंग, बिगूल. सनई, बासरी, पावा, पुंगी, क्लॅरिनेट ही सगळी वाजवतात. हवा दोन्हीकडे लागतेच. पण पहिल्या गटात नुसती ललकारी किंवा इशारा असतो, दुसऱ्यात सुरावट. तुमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात बिगूल फुंकला जातो, बँड मात्र वाजतो.
‘शंख वाजवला’ असंही आपण म्हणतो, पण उलटं चालत नाही. ‘त्यानं बासरी फुंकली’ म्हटलं की त्याला वाजवता येत नाही असाच अर्थ निघतो. त्यात हे क्रियापद आधीच बदनाम. विडी फुंकतात, बापाची इस्टेट फुंकतात, शेजाऱ्याचे कान फुंकतात. या रांगेत मारियानोंना कशाला उभं करता?

खानापूरकर
आपल्याकडं दोन्ही भाषा कानावर असल्यानं गोंधळ होतो, असं मला वाटतं. कन्नडात ‘ऊदु’ म्हणजे फुंकणे, आणि ‘कोळलु ऊदु’ म्हणजे चक्क बासरी वाजवणे. त्यात कमीपणा नाही. ढोल ‘बारिसु’. वीणेला ‘नुडिसु’, म्हणजे बोलतं करणे. ‘नुडि’ म्हणजे बोल. मराठीत या तिन्हींचं ओझं एकट्या ‘वाजवणे’वर. (एक गंमत : कानाखाली ‘वाजवतात’ तसं कन्नडात ‘बारिसतात’ही. मार देण्यात आपलं एकमत आहे.)
सॅक्सोफोनला कन्नडात ‘ऊदु’ही चालतं आणि ‘नुडिसु’ही. कद्री गोपालनाथ यांच्याबद्दल ‘नुडिसु’ वाचलं की मला ते फार शोभून दिसतं. वडील नादस्वरम वाजवणारे. यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच्यामागं लागले. ते पाश्चात्त्य बँडांचं वाद्य, बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलेलं. कर्नाटक संगीतातली गमकं (सुरांची आंदोलनं) त्यातून निघावीत म्हणून गोपालनाथांनी चाव्यांमध्ये बदल करून घेतले. मारियानो जॅझकडून नादस्वरमकडं आले, हे नादस्वरमच्या घरातून सॅक्सोफोनकडं गेले. लेखात दोघांना शेजारी बसवा की ओ.

सीमेवरचा
वा, हे घेतोच. कद्रींनी १९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडींबरोबर वाजवलं होतं, तेही येईल. आता शीर्षक. ‘सॅक्सोफोनची फुंकर’ कसं वाटतं?

बेळगावकरीण
नको हो. फुंकर निखाऱ्यावर घालतात, नाहीतर पोराचं बोट भाजलं की त्यावर. नादस्वरमला दुहेरी पत्ती (रीड) असते. ती ओठांत धरून असा दाब द्यावा लागतो की देवळाच्या आवारात बिनमाईकचा आवाज भरून राहतो. त्याला फुंकर म्हणायचं?
पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. क्रियापद बदनाम असलं तरी ‘फुंक’ हे नाम वाजवणाऱ्यांत मानाचं आहे. बासरीच्या क्लासात पहिले कित्येक दिवस ‘फुंक साफ करा’ एवढंच ऐकावं लागतं. ‘बोटं तयार आहेत, फुंक कच्ची आहे’ हा शेरा मी स्वतः खाल्लाय. सॅक्सोफोनची पत्ती एकेरी, नादस्वरमची दुहेरी, म्हणजे ओठांची पकडच वेगळी. इतकं नाव झाल्यावर मारियानोंनी फुंक नव्यानं बसवली, हे वाक्य मला तरी पटेल.

निपाणकर
‘फुंक बसवली’ला माझी हरकत नाही. ‘फुंकायला शिकले’ मात्र काढा.

सीमेवरचा
काढलं. शीर्षकात ‘फुंक’ ठेवतो, संपादक काय म्हणतात ते सांगतो.