शब्दचर्चा: ‘सॉफ्टशेल पँट’ला मराठीत काय म्हणाल?

हिमवाट:
जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जायचंय. सामानाच्या यादीत ‘सॉफ्टशेल पँट’ आहे. दुकानदार म्हणतो, ‘वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त घ्या.’ लेबलवर मात्र ‘वॉटर रेपेलंट’ छापलंय. बर्फात जाणं कधीतरीच, एरवी आपला सह्याद्री. हे नेमकं काय असतं? आणि याला मराठी शब्द आहे का?

जुनीपोथी:
‘मऊ कवच’ तेवढं करू नका, कासव डोळ्यांपुढे येतं. इथे शेल म्हणजे अंगावरच्या थरांतला सगळ्यात बाहेरचा. त्याला फारसीतून आलेला शब्द आपल्याकडे पडून आहे: अबरा. दुपदरी कपड्याचं वरचं कापड तो अबरा, आतलं ते अस्तर. अस्तर टिकलं, अबरा विसरला गेला. मऊ अबरा, कडक अबरा, काम झालं.

दोरखंड:
झकास. आता दुकानात ‘मऊ अबऱ्याची विजार दाखवा’ म्हणून बघा!

अर्थाचं बोलू. हार्डशेलच्या कापडात पाणी अडवणारा पातळ पडदा असतो आणि शिवणींवर आतून टेप मारलेली असते. सॉफ्टशेल पँटला बहुधा हे दोन्ही नसतं. घट्ट विणीचं ताणलं जाणारं नायलॉन आणि वरून लेप, एवढंच. वारा बराच अडतो, घाम बाहेर पडतो, उंच पाऊल टाकताना गुडघ्यात आवळत नाही. लेपाचं काम अळवाच्या पानासारखं: थेंब घरंगळतो. पण ओल्या जागी बूड टेकलंत की वजनाने पाणी आत शिरणारच. त्यामुळे ‘रेपेलंट’ला जलरोधक म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. ‘पाणी झटकणारं’ म्हणा.

हिमवाट:
म्हणजे बर्फात भिजणार?

दोरखंड:
कुठल्या बर्फात? मराठीत फ्रीजमधला, भुरभुरीत, काचेसारखा कडक, सगळा बर्फच. पहाटे शिखराकडे निघताना तो कोरडा असतो, हाताने झटकला की पडतो. तिथे सॉफ्टशेल उत्तम. उन्हं चढली की तोच ओला होतो, आणि उतरताना लोक हौसेने बसून घसरगुंडी करतात. त्यासाठी सॅकमध्ये हलकी रेन पँट ठेवा, बाजूला लांब चेन असलेली. बूट न काढता चढवता येते.

घेताना आत थर्मल घालून गुडघा छातीपर्यंत आणून बघा. आतून फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड) लावलेली घेऊ नका: चढावर घामाघूम व्हाल, आणि सह्याद्रीत तर ती कपाटातच राहील. थंडी वाढली तर थर्मल जाड करता येतो. पायाशी घोळ नको, वरून गेटर (बर्फ आत जाऊ नये म्हणून बुटापासून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) बसला पाहिजे. घोट्याच्या आतल्या बाजूची जाड पट्टी क्रॅम्पॉनच्या, म्हणजे कडक बर्फासाठी बुटाखाली बांधायच्या सांगाड्याच्या, धारदार दातांनी कापड फाटू नये म्हणून असते. पुढेमागे गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करणार असाल तरच तिचे पैसे मोजा. केदारकंठाला सहसा मायक्रोस्पाइकवर (बुटावर चढवायच्या छोट्या खिळ्यांच्या साखळीवर) भागतं, आणि ते ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्यानेही मिळतात.

जुनीपोथी:
गेटरला ‘पायपट्टी’ चालेल. इंग्रजीतला ‘पटी’ (puttee, पोटरीला गुंडाळायची कापडी पट्टी) आपल्याकडच्या पट्टीवरूनच गेलाय. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीच्या पायांना त्याच गुंडाळलेल्या होत्या.

शिवणटिपण:
एक राहिलं. धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, लेपाचं काम मंदावतं. थेंब घरंगळायचे थांबले की आधी नीट खळबळून धुवा, मग लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही कापड ओल धरत असेल, तर लेपाचा स्प्रे विकत मिळतो.