आवडलेले पुस्तक पुन्हा वाचल्याशिवाय त्याची शिफारस करावी का?

जुने कपाट

आमच्या कोथरूडच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. तीन वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची म्हटल्यावर घरातल्या सहाशेएक पुस्तकांपैकी जेमतेम एक कपाटभर पुस्तके बरोबर नेता येतील, हे लक्षात आले. मनापासून आवडलेली ठेवायची आणि बाकीची वाचनालयाला द्यायची, असा सोपा हिशेब मी मांडला. 'आवडलेली' म्हणून चाळीस पुस्तके बाजूला निघाली. केवळ खात्री करून घ्यावी म्हणून गेल्या चार महिन्यांत त्यांतली अठरा मी पुन्हा वाचायला घेतली, आणि त्यांतली सात मला शेवटपर्यंत वाचवली नाहीत. ही सात पुस्तके मी गेली तीस-पस्तीस वर्षे भेटेल त्याला 'वाचाच' म्हणून सांगत आलो होतो, ही यातली खरी लाजिरवाणी गोष्ट.

एकच उदाहरण देतो, कारण त्याने मला सर्वांत जास्त त्रास झाला. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) मी नववीच्या सुट्टीत वाचली होती आणि वाचून संपल्यावर वडिलांच्या मागे लागून थेऊरला गेलो होतो. माधवराव पेशव्यांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी जिथे देह ठेवला तो चिंतामणीच्या देवळाचा परिसर पाहिला, नदीकाठी रमाबाईंच्या समाधीपाशी बराच वेळ उभा राहिलो, आणि परतीच्या बसमध्ये कोणाशी बोललो नाही. त्या दिवसाचे पीएमटीचे तिकीट अजून त्या प्रतीत आहे. पातळ, पिवळट पडलेले, कंडक्टरच्या चिमट्याचे भोक तेवढे स्पष्ट. या वेळी मात्र त्या तिकिटापर्यंत पोहोचायलाच मला आठवडा लागला. आपले बोलणे कोणीतरी आडून ऐकते आहे, याचे भान ठेवूनच पात्रे बोलतात, असे पानोपानी वाटत राहिले.

उलट व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) कॉलेजात असताना 'यात काही घडतच नाही' म्हणून मी बाजूला टाकली होती. ती आवडत्यांच्या चळतीत आली ती केवळ आकाराने लहान म्हणून. या चार महिन्यांत मी ती दोनदा वाचली. पहाटेच्या अंधारात पायी निघालेला तो कोवळा मास्तर, मेंढरांमागे जाणाऱ्या पोरांना शाळेत आणण्यासाठी त्याने केलेली खटपट, गावाकडून अंगमेहनतीने बांधून घेतलेली तालीम, आणि एवढे सगळे उभे राहिल्यावर दुष्काळात हळूहळू रिकामी होत जाणारी वाडी. लेखक कुठेही गळा काढत नाही. माणसे निघून जातात आणि तो ती निघून गेली एवढेच सांगतो. वयाच्या अठराव्या वर्षी मला यात 'काही घडत नव्हते', यावरून त्या वयातल्या माझ्या आवडीनिवडींची किंमत मला कळली.

म्हणून माझे म्हणणे असे की, जे पुस्तक आपण एकदाच आणि फार पूर्वी वाचले आहे, त्याविषयी 'मला आवडले होते' एवढेच म्हणावे. 'चांगले आहे, वाचा' असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या वाचनानंतरच येतो. (जी. ए. कुलकर्णी यांची 'काजळमाया'सुद्धा या खेपेस मला पुरी झाली नाही. ती मात्र मी ठेवली आहे.)

रास्ता पेठेतला

आपले लेखन आवडले, निष्कर्ष अजिबात पटला नाही. आता रक्तात साखर सापडली म्हणून लहानपणी ओरपलेल्या आमरसाला कोणी बेचव ठरवत नाही. एका पुस्तकाने नववीतल्या मुलाला थेऊरपर्यंत नेले आणि परतताना गप्प बसवले, हा त्या पुस्तकाविषयीचा पुरावाच आहे, आणि तो आपण स्वतःच सादर केला आहे. आजच्या कंटाळ्याने तो रद्द कसा होतो?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) मी सोळाव्या वर्षी चार दिवसांत वाचली. कर्ण, शोण, वृषाली, कुंती, दुर्योधन आणि शेवटी कृष्ण अशा वेगवेगळ्या तोंडांनी सांगितलेली ती कथा वाचून मी इतका पेटलो होतो की महाभारतातला प्रत्येक माणूस मला कर्णाचा शत्रू वाटू लागला. त्या रागातूनच, कोणीतरी 'आता हे वाच' म्हणून हातात दिलेली इरावती कर्वे यांची 'युगान्त' मी उघडली, ती मुख्यतः भांडायला. त्यातल्या कर्णावरच्या 'मी कोण?' या लेखाने माझा पुतळा पार उतरवून ठेवला. महिनाभर मी बाईंवर चिडून होतो. मग बाई कशाच्या आधारावर बोलतात ते पाहावे म्हणून भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपर्यंत पोहोचलो. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, आणि ते याच शहरात, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर झाले, हेही मला तेव्हाच कळले. स्वयंवरात द्रौपदी 'सूताला वरणार नाही' म्हणून कर्णाला नाकारते, हा आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसलेला प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपेत आहे, हे वाचले तेव्हा मी संस्थेच्या वाचनकक्षात वेड्यासारखा हसलो होतो.

आज 'मृत्युंजय' मला पुन्हा वाचवणार नाही, हे मी न वाचताही सांगू शकतो. तरीही सोळा वर्षांच्या मुलाला मी तीच देईन. 'युगान्त' आधी दिली तर ती उघडण्याइतका राग त्याच्यापाशी असणार नाही.

आणि एक शंका. दुसरे वाचन पहिल्यावर निकाल देणार असेल, तर तिसऱ्याने दुसऱ्यावर का देऊ नये? सत्तराव्या वर्षी आपल्याला 'बनगरवाडी' कोरडी वाटली तर आजची शिफारस मागे घेणार का? कंसात लपवलेली 'काजळमाया' तर आपल्या नियमाला आत्ताच जुमानत नाही.

चष्मा कुठे ठेवला

मी धाग्याच्या लेखकांच्या बाजूने आहे, आणि माझे कारण निव्वळ आर्थिक आहे. अप्पा बळवंत चौकात उभे राहून, दुसऱ्याच्या 'अप्रतिम, घ्याच' या शब्दावर विसंबून, मी आजवर घेतलेल्या पुस्तकांची किंमत काढली तर एक बरी सायकल आली असती. विचारल्यावर कळते की शिफारस करणाऱ्याने ते पुस्तक कॉलेजात वाचले होते आणि नायकाचे नावही आता त्याला आठवत नाही. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, तशी शिफारशीवरही असावी.

फळा आणि खडू

मी कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षे मराठी शिकवते आहे, त्यामुळे शिफारस करणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. रास्ता पेठेतल्या सद्गृहस्थांचे म्हणणे मला बरेचसे पटते. परंतु ते ज्या सहजतेने 'सोळा वर्षांच्या मुलाला तीच देईन' असे म्हणतात, ती सहजता मला आता राहिलेली नाही.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचे वसतिगृह, त्याची उधारी, त्याचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे सगळे मी एकोणिसाव्या वर्षी, स्वतः वसतिगृहात राहत असताना वाचले आणि पुढे वर्षभर मी आणि माझ्या मैत्रिणी त्याच भाषेत बोलत होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने ती वर्गात सुचवली. एका मुलाने महिन्याभराने परत आणून दिली आणि म्हणाला, 'मॅडम, याचे वडील पैसे पाठवतात. मग याला दुःख कशाचे आहे?' तो मुलगा सकाळी वर्तमानपत्रे टाकून वर्गात येत असे. मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी 'कोसला' पुन्हा काढली. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पाने वाचताना पूर्वीइतकीच हादरले, पण मधल्या कितीतरी पानांवर तो मुलगा माझ्या शेजारी बसून तोच प्रश्न विचारत होता. ते माझे दुसरे वाचन माझ्या वाढलेल्या वयाने घडवले नव्हते, दुसऱ्या एका वाचकाने घडवले होते. धाग्याच्या लेखकांनी आपली अठरा पुस्तके एकट्याने वाचली, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी माझे उलटे झाले. विद्यार्थिदशेत मी ते पुस्तक विनोदी म्हणून वाचले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, यांवर आम्ही पोट धरून हसलो होतो. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी पुन्हा वाचले, तेव्हा ते सगळे धुणारे हात कोणाचे होते हा प्रश्न पहिल्यांदा पडला. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांची फरपट त्या जवळजवळ हसत-हसत सांगतात, हे तेव्हा कळले आणि ते हसणे सहन होईना. पुस्तक मात्र दोन्ही वेळा आवडले. कुठले आवडणे खरे, हे मला कोणी विचारू नये.

जुने कपाट

'काजळमाया'वर बोट ठेवले जाणार याची कल्पना होती. त्यातली 'विदूषक' ही दीर्घ कथा मी या वेळी अर्ध्यावर सोडली. तरी पुस्तक ठेवण्याचे कारण असे की, ते सोडताना दोष माझ्यात आहे असे वाटले, आणि 'स्वामी' सोडताना तसे वाटले नाही. हा फरक मला नियमात बसवता येत नाही, हे मान्य करतो.

तिसऱ्या वाचनाविषयी : होय, मागे घेईन. शिफारस ही शिलालेखासारखी कोरायची वस्तू नव्हे. मुदतीची तारीख असावी, ही सूचना मला म्हणूनच आवडली.

परंतु आमरसाचे उदाहरण मी मान्य करत नाही. लहानपणचा आमरस मी कोणाला वाढायला जात नाही, पुस्तक वाढतो. ते आज कोणाच्या पानात पडणार असेल, तर आजचे त्याचे रूप चाखून पाहणे माझ्यावर बंधनकारक आहे. प्राध्यापकबाईंच्या विद्यार्थ्याने जे विचारले, ते त्यांनी पुस्तक देण्याआधी पुन्हा वाचले असते तर कदाचित त्यांनाच सुचले असते.

फळा आणि खडू

सुचले नसते. मी वर्तमानपत्रे टाकलेली नाहीत.

तारखेचा शिक्का

आपण सर्वजण स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकांविषयी बोलत आहात. माझ्याकडे कपाट नाही. माझे सगळे वाचन वर्गणी भरून, एका वेळी एक पुस्तक घेऊन झाले आहे. पुण्यात ही सोय नवी नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचे. वाचनालयातून वाचणाऱ्याला दुसरे वाचन ही चैन असते, कारण घेतलेले पुस्तक पुन्हा घेणे म्हणजे एका न वाचलेल्या पुस्तकावर पाणी सोडणे. 'दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय बोलू नका' हा नियम लावलात, तर आमच्यासारख्यांनी गप्पच बसायचे.

तरीही एक पुस्तक मी दर वर्षी घेते : दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). चैत्रापासून एकेका महिन्याचे निसर्गचित्र असल्याने ते सलग वाचण्याची मला कधी गरज वाटली नाही. फाल्गुन वाचायचा, सकाळी हनुमान टेकडीवर जाऊन पांगारा कितपत फुलला आहे ते पाहायचे आणि पुस्तक परत करायचे. पहिले वाचन कधी संपले आणि दुसरे कधी सुरू झाले, हे मला सांगता येणार नाही. माझ्या वाचनालयातल्या प्रतीला मागे तारखांचा जुना कागद अजून चिकटवलेला आहे. त्यावरचे शिक्के पाहिले तर कोणीतरी हे पुस्तक सलग काही वर्षे मार्चमध्येच नेत असे. ती व्यक्ती मी नव्हे. माझे सभासदत्व त्यानंतरचे आहे. तिने तोंडाने कोणाला काही सांगितले असेल-नसेल, पण मी ते पुस्तक पहिल्यांदा घरी नेले ते त्या शिक्क्यांकडे पाहून.

रास्ता पेठेतला

या शिक्क्यांपुढे माझे बरेच युक्तिवाद फिके पडतात, पण विरोध मी सोडत नाही. धाग्याच्या लेखकांना एक विनंती : 'स्वामी'ची ती प्रत वाचनालयाला देणार असाल तर आधी मला कळवा. माझी पुतणी यंदा नववीत आहे. तुमची शिफारस मला नको आहे, फक्त प्रत हवी आहे.

जुने कपाट

प्रत देतो. तिकीट काढून घेऊ की आतच राहू देऊ, एवढे सांगा.

रास्ता पेठेतला

राहू द्या. ते काय आहे, हे तिला पन्नास पानांनंतर विचारावेसे वाटते की नाही, ते पाहतो.