सुरुवात मिंटपासूनच करा

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोफत संगणक प्रणाली. नवख्याने थेट तिचा आर्च लिनक्स हा बरंच काही हाताने जुळवावं लागणारा प्रकार घ्यावं, म्हणजे खरं शिकायला मिळतं, हे मला अजिबात पटत नाही. पहिल्याच आठवड्यात वाय-फाय चालेना, की माणूस कायमचा परत फिरतो. त्यापेक्षा लिनक्स मिंट हा सोपा प्रकार, त्याची सिनॅमन (विंडोजसारख्या मांडणीची) आवृत्ती घ्या. मेनू, टास्कबार ओळखीच्या जागी सापडतात. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रकारावर उभं आहे, अपडेट २०२९ पर्यंत. मशीन जुनं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करेपर्यंत डिस्कवरच्या गोष्टी जागच्या जागी राहतात. इन्स्टॉल झाल्यावर मात्र पहिलं काम टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती जपून ठेवणारं साधन, सुरू करायचं. अपडेटने काही बिघडलंच तर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेता येते. त्यात आपले फोटो, कागदपत्रं सहसा धरलेली नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.