चाचणी पॅच पाठवणाऱ्याने करायची की मेंटेनरने?

कोपरीकर
वाशीच्या रविवारच्या बैठकीनंतर मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या आपल्या गटात एक सल्ला फिरतोय : "पहिला पॅच पाठवताना चाचणीत अडकू नका. सीआय आहे, मेंटेनर आहेत, ते बघून घेतील." (पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती, मेंटेनर म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, सीआय म्हणजे आलेल्या कोडवर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा.) ऐरोली-नेरुळच्या कॉलेजांतली मुलं हे वाचून कामाला लागणार, म्हणून सविस्तर लिहितो. हा सल्ला चुकीचा आहे.

सीआय आधी सुरू तर व्हायला हवा! गिटहबने (इथे प्रकल्पांचा कोड ठेवतात) एप्रिल २०२१ मध्ये नियम बदलला. फुकटच्या रनरवर (सीआय चालवणाऱ्या मशीनवर) क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. तेव्हापासून नवख्याच्या पुल रिक्वेस्टवर (पॅच घ्या अशी विनंती) वर्कफ्लो (सीआयचं काम) मेंटेनरच्या मंजुरीशिवाय धावत नाही. आणि धावला तरी आधीच लिहिलेल्या चाचण्याच चालवतो. तुमच्या बगसाठी चाचणी असती तर तो तेव्हाच पकडला गेला असता.

आधी मूळ शाखेवर, म्हणजे दुरुस्तीआधीच्या कोडवर, बग पुन्हा घडवून दाखवा. तो घडवणारी लहानात लहान इनपुट फाइल शोधा. तिच्यावरून चाचणी लिहा आणि दुरुस्ती न लावता चालवा. ती नापास झालीच पाहिजे. मग दुरुस्ती लावा, पास होऊ दे, शेवटी चाचण्यांचा अख्खा संच चालवा. नापास करून बघण्याची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग काहीही न तपासणारी चाचणी वर्षानुवर्षं हिरवी दिसत राहते.

बग आधी नव्हता, मध्येच शिरला असेल तर 'गिट बायसेक्ट रन' वापरा : इतिहास निम्मा-निम्मा करत तो बग शिरवणारा बदल शोधतो. १००० कमिट (कोडचे नोंदवलेले बदल) असले तरी साधारण १० फेऱ्यांत जागा सापडते. स्क्रिप्टने चांगल्या कमिटला ०, वाईटाला १ आणि बिल्डच (कोडपासून चालणारा प्रोग्राम) होत नसेल तर १२५ परत करायचा. १२५ विसरलात तर मोडका बिल्ड 'वाईट' धरला जातो आणि बग भलत्याच कमिटच्या माथी बसतो.

घणसोली सेक्टर ९
सल्ला माझा आहे आणि मी तो मागे घेत नाही. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस बिल्ड करून बघा कधीतरी. कित्येक तास जातात, डिस्क भरते, लिंकिंगच्या (तयार तुकडे जोडण्याच्या) वेळी मशीन गोठतं. अशा मुलाला "अख्खा संच चालवा" म्हणणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. शिवाय चाचण्यांचा एवढा गवगवा कशाला? ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा बग डिसेंबर २०११ च्या शेवटी शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये तर घातक कोड चाचणीच्याच फायलींत लपवला होता! आणि भाषांतर करणाऱ्यांनी कसली चाचणी करायची?

कोपरीकर
दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. हार्टब्लीडमध्ये पाकिटात सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष मजकुराची लांबी ताडून पाहिली जात नव्हती. खोटी लांबी पाठवणारी एक चाचणी पुरली असती. एक्सझेडचा कट मार्च २०२४ मध्ये सापडला तो अभियंते आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसची मोजमापं करत होते म्हणून. एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांनी सोडून दिलं नाही. हीच ती सवय.

नौपाडा
भाषांतराला चाचणी नको, हे वाक्य वाचून राहवलं नाही. इंग्रजी ओळीत आधी फाइलचं नाव येतं, मग फोल्डरचं. मराठीत "अमुक फोल्डरमध्ये तमुक फाइल" असा क्रम उलटतो. भाषांतरकार दोन्ही जागी साधं टक्का-एस (इथे नाव भरा अशी खूण) ठेवतो आणि पडद्यावर फाइलच्या जागी फोल्डर दिसतं. क्रमांक घातलेली रूपं वापरायची : टक्का-२-डॉलर-एस, मग टक्का-१-डॉलर-एस. 'एमएसजीएफएमटी' या साधनाला चेकचा पर्याय देऊन पीओ फाइल (भाषांतराची फाइल) तपासा. पण त्यात एस (मजकूर) आणि डी (आकडा) यांची अदलाबदल पकडली जाते, दोन एसची नाही. ती प्रोग्राम मराठीत उघडूनच दिसते. याला बिल्ड लागत नाही.

सीवूड्सची वैशाली
मराठी चाचणीचा विषय निघालाच आहे तर खरं दुखणं सांगते : 'दऱ्या' मधला र. युनिकोडमध्ये तो ०९३१ (ऱ) + हलंत असा लिहिता येतो आणि ०९३० (र) + हलंत + झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. सर्च किंवा सॉर्टिंगला हात लावणाऱ्या एकाही पॅचमध्ये ही जोडी दिसत नाही.

घणसोली सेक्टर ९
एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपांना एकच रूप देणं) लावा, विषय संपला.

सीवूड्सची वैशाली
नाही संपत! एनएफसी फक्त र + नुक्ता हे ०९३१ मध्ये जोडतं. झेडडब्ल्यूजेवालं रूप त्याला समतुल्य नाहीच, ते तसंच राहतं. तपासल्याशिवाय "विषय संपला" म्हणणं हाच तर मूळ वाद आहे.

नौपाडा
वैशालीताई, मग शोधाआधी सरसकट ०९३१ करून टाकायचं ना? इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे दाबलं की तेच येतं.

सीवूड्सची वैशाली
शोधाच्या अनुक्रमणिकेत करा, साठवलेल्या मजकुरात करू नका. लेखकाची फाइल न विचारता बदलली की डिफमध्ये (बदलांच्या यादीत) अख्खं प्रकरण लाल होतं. आणि 'दर्या' शोधल्यावर 'दऱ्या' येता कामा नये, ही उलटी चाचणीही हवी. झेडडब्ल्यूजे नुसता गाळून टाकणारे पॅच तिथेच चुकतात. र + हलंत + य उरलं की रफार होतो, म्हणजे 'दर्या'.

घणसोली सेक्टर ९
एनएफसीचं बरोबर आहे तुमचं. पण ८ जीबीच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही. ज्यांच्याकडे ऑफिसची मशीन आहेत त्यांनी मुलांना आळशी ठरवू नये. मला याचा राग येतो.

कोपरीकर
आळशी कुणीच म्हटलेलं नाही, शब्द तोंडी घालू नका. मशीनचा मुद्दा खरा आहे, तेवढा मान्य. पण त्यावर उपाय आहेत. फायरफॉक्सच्या दिसण्या-वागण्यातला बदल असेल तर आर्टिफॅक्ट बिल्ड घ्या : सी प्लस प्लसचा भाग तयार उतरतो आणि काम मिनिटांत होतं. लिब्रेऑफिसमध्ये एकाच मॉड्यूलची सीपीपीयुनिट (सी प्लस प्लसची) चाचणी वेगळी चालवता येते, आणि सीकॅश (आधीचं काम साठवणारं साधन) लावला की दुसरा बिल्ड बराच हलका जातो. मेक कमांडला समांतर कामं २ वर ठेवा, मशीन गोठणार नाही. हार्फबझ (अक्षरांचे आकार जुळवणारी लायब्ररी) तर लहानच आहे : मेसन या साधनाने बिल्ड, मग मेसन टेस्ट. तिथे आकार जुळवण्याची चाचणी म्हणजे अर्धविरामांनी तोडलेली एक ओळ : फाँट, पर्याय, कोडपॉइंट, अपेक्षित ग्लिफ (अक्षराचा आकार). फाँट मात्र लागतील तेवढ्याच अक्षरांचा कापून द्यायचा, अख्खा नाही.

घणसोली सेक्टर ९
ठीक. "चाचणीत अडकू नका" ही ओळ काढतो. तिथे "बदललेल्या भागाची चाचणी आधी नापास, मग पास करून दाखवा, काय चालवलं आणि काय चालवता आलं नाही ते पुल रिक्वेस्टमध्ये लिहा" असं घालतो. अख्ख्या संचाची अट घालणार नाही.

कोपरीकर
काय चालवलं नाही ते लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. छोट्या प्रकल्पांत मात्र अख्खा संचच हवा.

सीवूड्सची वैशाली
आणि मजकुराशी संबंधित बदल असेल तर दऱ्याची दोन्ही रूपं, र + नुक्त्याचं तिसरं आणि 'दर्या' हे चौथं. चारही एका फाइलमध्ये टाकून येत्या रविवारी आणते.