डीकोड न करता वॉटरमार्क? म्हणे फुकटात!

क्वांटायझर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'लेक्चर कुठल्या लॉगिनवरून फुटलं ते सांगणारी खूण, म्हणजे वॉटरमार्क, घालायला दाबलेली व्हिडिओ-स्ट्रीम उलगडायची, म्हणजे डीकोड करायची कशाला? एच.२६४च्या (व्हिडिओ दाबायची पद्धत) कोइफिशंटमध्ये, म्हणजे चित्र ज्या आकड्यांत साठवतात त्यांत, परस्पर बिट बदला, वॉटरमार्क फुकटात.' सदाशिव पेठेतल्या एका क्लाससाठी हा उद्योग मी केलाय. आय-फ्रेममध्ये, म्हणजे स्वतःपुरतं पूर्ण असलेल्या चित्रात, चार कोइफिशंट हलवले. पुढच्या पी-फ्रेम तिच्यावरूनच अंदाज बांधतात, चूक साचत गेली. पुढची आय-फ्रेम येईपर्यंत फळ्यावरचं '१८५७' शेवाळ धरल्यासारखं! हा ड्रिफ्ट निस्तरायचा तर अर्धं डीकोडिंग आलंच.

कोथरूडचा कोडवाला: तो 'कुणीतरी' मीच. आय-फ्रेमला हात लावा म्हटलंच नव्हतं. मागच्या-पुढच्या चित्रांवरून अंदाज बांधणाऱ्या ज्या बी-फ्रेमवर पुढे कुणीच अवलंबून नसतं तिथे घाला, चूक पुढे सरकत नाही.

क्वांटायझर: तिथे उरतं काय? बहुतेक ब्लॉक (चित्राचे चौकोन) स्किप, म्हणजे त्यांचे कोइफिशंट साठवलेलेच नसतात. शून्याचा एक केलात की बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, फुगतो. कुणी ४८०पीला पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे नव्याने दाबलं, की तुमचा वॉटरमार्क पाण्यात.

तिसरा अटेम्प्ट: आमच्या क्लासनं सरळ माझा मोबाइल नंबर स्क्रीनवर फिरवला. नकाशाच्या तासाला कोकण दिसेना! तरी रूममेटनं लेक्चर टेलिग्रामवर टाकलंच. अकाउंट बंद माझं, फी बुडाली माझी. वॉटरमार्कनं लॉगिन सापडतं हो, माणूस नाही.

नारायण पेठ: लॉगिन दिलंत कशाला?

तिसरा अटेम्प्ट: चौघांत एक घेतो, परवडत नाही म्हणून.

नारायण पेठ: याला चोरी म्हणतात.

तिसरा अटेम्प्ट: आणि एका खोलीत सहा कॉट टाकून दर जूनला भाडं वाढवतात, त्याला काय म्हणतात काका?

नारायण पेठ: माझ्या खोलीत चारच आहेत. पाणी दोन्ही वेळ. उगाच बोलू नका.

तिसरा अटेम्प्ट: म्हणजे मालकच निघालात! तरीच.

कोथरूडचा कोडवाला: भाड्याचा धागा वेगळा काढा. क्वांटायझरसाहेब, री-एन्कोडला माझं टिकत नाही, मान्य. तुमचं काय टिकतं?

क्वांटायझर: एन्कोड करण्याआधीच वेगवेगळी खूण घालून व्हिडिओच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे सेगमेंटच्या, अ आणि ब अशा दोन प्रती करायच्या, प्रत्येक लॉगिनला अ-बचा वेगळा क्रम. २० सेगमेंटमध्ये दहा लाखांवर क्रम बसतात. सहा सेकंदांचा सेगमेंट धरा, दोन मिनिटांत चोर हाती.

कोथरूडचा कोडवाला: आणि दोघांनी आपापले सेगमेंट आलटूनपालटून जोडले तर? त्यावर असा कट पकडणारे गणितज्ञ गाबोर टार्डोस यांचे कोड २००३ पासून आहेत, पण कटातली माणसं दुप्पट झाली की कोडची लांबी चौपट. मग कुठली दोन मिनिटं! वर साठवण दुप्पट. आता फुकट कुणाचं?

क्वांटायझर: बरं बाबा, माझंही फुकट नाही. पेढे वाटा.

तिसरा अटेम्प्ट: आम्ही चौघं एकाच लॉगिनवर, आमच्यात कोड काय शोधणार? आणि फी परत कशी मिळवायची ते अजून कुणी सांगितलेलं नाही.