ग्रो टेंटमधील उष्णता आणि वायुवीजन : नाशिकच्या उन्हाळ्यासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न (इंदिरानगर)
नमस्कार. आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील खोलीत 4 फूट लांब, 4 फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच ग्रो टेंट (दिव्याच्या प्रकाशात घरात झाडे वाढवण्याचा बंदिस्त तंबू) लावून मी मातीविना, पाण्यावर लेट्यूस आणि बेझिल घेत आहे. दिवा 240 वॅटचा एलईडी असून वरच्या बाजूस चार इंची एक्झॉस्ट पंखा आहे. थंडीत पीक उत्तम आले. मात्र मार्च सरत आल्यापासून दुपारी आतील तापमान 36 अंशांवर जाते, लेट्यूस अकाली फुलोऱ्यावर येऊ लागले आहे आणि पानांना कडवटपणा आला आहे. मोठा पंखा घ्यावा, कूलर लावावा की थेट एसी बसवावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (गंगापूर रोड)
खर्च करण्यापूर्वी कृपया दोन तापमापक लावून पाहावेत : एक पानांच्या उंचीवर, दिव्याचा थेट प्रकाश पडणार नाही असा, आणि दुसरा खाली हवा आत येते त्या झडपेपाशी. पंखा कितीही मोठा घेतला तरी तंबू ज्या हवेवर चालतो तिच्याहून थंड होत नाही, म्हणून या दोन आकड्यांतील फरकच दोष कुठे आहे ते सांगतो. दिव्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. 240 वॅटसाठी हा फरक 3 अंशांत ठेवायचा असेल, तर ताशी सुमारे 240 घनमीटर हवा बाहेर काढावी लागते. पंख्याची गरम हवा कुठे सोडली आहे, तेही कळवावे.

प्रश्नकर्ता
आत 36 आणि झडपेपाशी 33 अंश. हवा त्याच खोलीत सुटते.

प्रतिसाद (गंगापूर रोड)
मग पंखा पुरेसा आहे. तापली आहे ती खोली. डक्ट (पंख्याची हवा वाहून नेणारी नळी) खिडकीपर्यंत नेऊन गरम हवा घराबाहेर सोडावी आणि डक्टला शक्य तितकी कमी वळणे द्यावीत, कारण प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो. तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्या गेलेल्या दिसल्या, तर हवा योग्य मार्गाने जात आहे असे समजावे. त्याहून महत्त्वाचा बदल वेळेचा आहे. दिवा संध्याकाळी 6 ते सकाळी 8 असा टायमरवर ठेवावा, म्हणजे स्लॅब तापलेला असताना दिव्याची उष्णता त्यात भर घालणार नाही; शिवाय डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो तेव्हा हीच वेळ रात्री ऊब देईल. एवढ्याने भागले नाही, तर एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो, मात्र तो खिडकीत बसवून बाहेरची हवा घेणारा असावा. जुलैत हवा आधीच दमट असल्याने त्याचा उपयोग होत नाही, उलट बुरशीला निमंत्रण मिळते. एसीचा विचार मी सर्वांत शेवटी करेन.

प्रतिसाद (पंचवटी)
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो. हवा बदलणे आणि हवा हलवणे ही वेगळी कामे आहेत. पाने हलकेच डुलतील एवढा एक लहान पंखा आत सतत चालू ठेवावा. गड्ड्याच्या मध्यभागी हवा कोंडली की बाष्पोत्सर्जन मंदावते, कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. द्राक्षबागेत विरळणी करून वेलीत हवा खेळती का ठेवतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बंद तंबूतील भुरी या बुरशीजन्य रोगालाही तेच लागू पडते. दुसरे म्हणजे टाकीतील पाण्याचे तापमानही मोजावे. ते 25 अंशांच्या वर गेले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मूळकूज बळावते. टाकी तंबूबाहेर, सावलीत, जमिनीवर ठेवली तर बराच फरक पडतो. फुलकिडे रोखण्यासाठी झडपेला बारीक जाळी लावणार असाल तर झडपेचे तोंड मोठे करावे, अन्यथा जाळीमुळे हवा अडते आणि पंख्यावर ताण येतो.