पावसाळ्यात सारंगी सारखी उतरते, कातडं बदलावं का?

प्रश्न: गज_आणि_तात (शाहूपुरी, कोल्हापूर)

सारंगी मेरठची आहे, तून लाकडाची, कातडं बकऱ्याचं. जून लागला की सकाळी सुरात मिळवलेली सारंगी संध्याकाळी जवळजवळ अर्धा सूर उतरलेली असते. आवाज दबतो, पहिली तात (आतड्याची मुख्य तार) वरचेवर तुटते. इथल्याच तबलेवाल्याकडून कातडं बदलून घ्यावं का? गणपतीत गाण्याची साथ आहे. जाणकारांनी सांगावं.

उत्तर: तूनलाकूड

आधी काय उतरतंय ते बघा. फक्त तीन ताती बिघडल्या आणि तरफा (खालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारा) जागेवर असतील, तर दमट हवेनं तात फुगली आहे, कातड्याला काही झालेलं नाही. पण ताती आणि तरफा सगळ्याच एकदम उतरत असतील, तर घोडी (कातड्यावर उभा असलेला, तारा पेलणारा तुकडा) खाली बसली. तरफेच्या तारा घोडीतूनच जातात, म्हणून ती जराशी बसली तरी पस्तीस-छत्तीस तारांचा ताण एकाच वेळी कमी होतो. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं.

लगेच कातड्यावर जाऊ नका. घोडीखालून पोटावर आडवा जाणारा चामड्याचा पट्टा तपासा. घोडीचा बराचसा भार त्यानं पेलायचा असतो. तो सैल पडला की सगळं वजन पातळ कातड्यावर येतं. पट्टा घट्ट करणं किंवा नवा घालणं हे कातडं बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं, आणि बरेचदा तेवढ्यानं भागतं.

कातडं खरोखर गेलं असेल तरी आत्ता बदलू नका. ते ओलं करून ताणतात आणि सरसानं चिकटवतात. कोल्हापूरच्या जुलैत सरस नीट धरत नाही, कातडं वाळत नाही, आतून बुरशी येते. दिवाळीनंतर करा. आणि कृपा करून तबलेवाल्याकडे नको. तबल्याच्या पुडीचं कातडं सारंगीला जाड होतं, मग आवाज कोंडलेला तो कोंडलेलाच. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे उत्तम कारागीर आहेत, खुंट्या-घोडीसाठी तिथं विचारा. कातड्याला मात्र सारंगी बनवणाराच हवा.

तोवर वाद्य बंद पेटीत ठेवा. आत 200 ग्रॅम सिलिका जेल, कापडी पिशवीत, कातड्याला न टेकता. दीडशे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला की पुरे. वाजवण्याआधी 40 वॅटचा बल्ब दोन फुटांवरून दाखवला तरी चालतो.

उत्तर: मंद्रसप्तक

बल्बाशी मी सहमत नाही. अंतर चुकलं की कातडं एका बाजूनं आकसतं आणि कडेला फाटतं. हेअर ड्रायर तर अजिबातच नको. पेटी कोरडी असेल तर उष्णतेची गरजच पडत नाही.

एसी हॉल असेल तर उलटं होतं, ते लक्षात ठेवा. कोरड्या हवेत कातडं ताणतं, घोडी वर येते आणि पहिली तात तटकन जाते. म्हणून निघताना तिन्ही ताती अर्धा सूर उतरवा, पण एकदम सगळ्या सैल करू नका, घोडी पडेल. तासभर आधी पोचा, पेटी उघडून ठेवा, मगच मिळवा.

उत्तर: तरफदार

वेळ कमी असला की तरफा कुठल्या आधी मिळवायच्या हे ठरलेलं असावं. आतली पंधरा तारांची ओळ बारा स्वरांची, ती राग बदलला तरी हलवायची नाही. उजवीकडची नऊची ओळ रागाप्रमाणे: यमननंतर बागेश्री असेल तर ग, म, नी एवढेच बदला. वरच्या चपट्या घोड्यांवरच्या तारा रागातल्या मुख्य स्वरांना. मालकंस असेल तर दुसरी तात पंचमाऐवजी मध्यमाला.

जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळे आपल्याकडच्या मैफलीत जोडराग (दोन राग मिळून झालेले) हमखास येतात. बसंती केदारमध्ये दोन्ही रिषभ, दोन्ही मध्यम, दोन्ही धैवत. नऊच्या ओळीत ते बसवायचा हट्ट धरू नका, पंधराच्या ओळीवर भिस्त ठेवा. म्हणून ती ओळ आधी चोख हवी. साथीला बसल्यावर मधेच खुंटी पिळणं गाणाऱ्याला फार खटकतं.

गज_आणि_तात

मनापासून आभार. पट्टा खरंच सैल आहे. तात मात्र दर वेळी घोडीपाशीच तुटते.

तूनलाकूड

मग घोडीची खाच धारदार झाली आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरनं कड गोल करा, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीपाशी तुटली असती तर खुंटीच्या भोकाची कड बघावी लागली असती. बोटं फिरतात तिथं तातीचे तंतू सुटत असतील तर नेलकटरनं कापा, ओढून काढू नका. बदामतेलाचं बोट फिरवायचं तर फक्त बोटांच्या भागात. गज (वाजवायची कमान) फिरतो तिथं तेल लागलं की राळ धरत नाही. राळही पावसात निम्मीच लावा, ती चिकट होऊन गजाच्या केसांना गुठळ्या धरतात. सारंगीत तात नखांच्या मुळानं दाबतात, तिथं टाल्कम पावडर नेहमीपेक्षा जास्त लागेल, दमट हवेत मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) अडकते ती बहुतेक तिथंच.